निकालाचा तक्ता

१३ मे २००४, गुरुवार. मुंबईतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर त्या दिवशी राज्यवार निकालाचा तक्ता माझ्याकडे होता. एका रकान्यात १९९९ च्या जागा आधीच लावून ठेवलेल्या, शेजारचा रकाना रिकामा. मतमोजणी म्हणजे रात्रीचा दिवस हे आमच्या अंगवळणी पडलेलं, त्यामुळे पाळ्याही तशाच लावल्या होत्या. पण सगळ्या मतदारसंघांत मतदानयंत्रं असलेली ही पहिलीच लोकसभा निवडणूक होती. दुपारचे डबे उघडायच्या आत वारं कुठे वाहतंय ते दिसायला लागलं. अटलबिहारी वाजपेयींचं सरकार जात होतं.

त्या सकाळपर्यंत आमच्या पानांचे आराखडेसुद्धा सरकार टिकणार या हिशेबाने आखलेले होते. मतदानोत्तर चाचण्यांत राष्ट्रीय लोकशाही आघाडीच पुढे होती. डिसेंबर २००३ मध्ये भाजपने राजस्थान, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही तीन राज्यं काँग्रेसकडून खेचून घेतली होती. त्याच तिमाहीत विकासदर दहा टक्क्यांच्या वर गेला होता. लोखंड तापलंय तोवर घाव घालावा म्हणून मुदतीच्या काही महिने आधीच, ६ फेब्रुवारीला, लोकसभा विसर्जित झाली. देश चमकतोय असं सांगणाऱ्या 'इंडिया शायनिंग'च्या सरकारी जाहिराती टीव्हीवर, वर्तमानपत्रांत, होर्डिंगवर. लालकृष्ण अडवाणींची भारत उदय यात्रा कन्याकुमारीहून निघालेली. प्रचाराची सूत्रं प्रमोद महाजनांच्या हातात, आणि त्यांच्या व्यवस्थापनकौशल्याबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती.

खरं तर पहिली घंटा दोन दिवस आधीच वाजली होती. ११ मे रोजी आंध्र प्रदेश विधानसभेचा निकाल लागला आणि चंद्राबाबू नायडूंच्या तेलुगू देसमला २९४ पैकी फक्त ४७ जागा मिळाल्या. हैदराबादच्या आयटीचं कौतुक तेव्हा देशभर चालायचं. तिकडे वाय. एस. राजशेखर रेड्डी २००३ च्या भर उन्हाळ्यात पायी फिरत होते आणि शेतकऱ्यांना फुकट विजेचं आश्वासन देत होते. डेस्कवर काहीजण म्हणाले, हा राज्याचा निकाल, दिल्लीचं गणित वेगळं.

तक्ता भरताना ते गणित रकान्यात उतरायला लागलं. आंध्रात १९९९ साली तेलुगू देसम आणि भाजपला मिळून ४२ पैकी ३६ जागा होत्या, आता पाच. तमिळनाडूत त्या वेळी द्रमुकसह आघाडीकडे ३९ पैकी २६ होत्या, आता शून्य. द्रमुक डिसेंबर २००३ मध्येच आघाडीतून बाहेर पडला होता आणि भाजपने अण्णाद्रमुकच्या जयललितांचा हात धरला होता. म्हणजे नुसत्या दोन राज्यांत ५७ जागा गेल्या. उरलेल्या देशात कितीही चमक असती तरी एवढं खिंडार बुजवणं अवघड होतं. जाहिरातींवर जेवढा विचार झाला त्याच्या निम्मा जरी मित्रपक्ष सांभाळण्यावर झाला असता तरी त्या रात्रीचा मथळा वेगळा लागला असता, असं माझं आजही ठाम मत आहे.

पण मला हलवलं ते मुंबईच्या निकालाने. १९९९ मध्ये शहराच्या सहापैकी पाच जागा शिवसेना-भाजप युतीकडे होत्या, काँग्रेसकडे एकटी सुनील दत्तांची. संध्याकाळी ते उलटं झालं: पाच काँग्रेसच्या, आणि युतीकडे फक्त दक्षिण-मध्य मुंबईतले मोहन रावले. लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी एकनाथ गायकवाडांकडून हरले. पेट्रोलियम मंत्री राम नाईक अभिनेता गोविंदाकडून हरले. जयवंतीबेन मेहता आणि किरीट सोमय्या हेही गेले. खेड्यांनी 'शायनिंग'ला नाकारलं, ही ओळ त्या रात्री सगळीकडे घाईघाईने लिहिली जात होती. मग शेअर बाजाराच्या या शहराने काय केलं?

राम नाईक पाच वेळा निवडून आलेले. लोकलच्या प्रवाशांसाठी १९६४ पासून झटणारा हा माणूस, त्यांच्या कामाबद्दल कुणी वावगं बोलत नसे. त्यांचा उत्तर मुंबई मतदारसंघ तेव्हा वसई-पालघरपर्यंत पसरलेला होता. एप्रिलमध्ये प्रचाराचा कानोसा घ्यायला मी नालासोपाऱ्यात गेले होते. एका चाळीसमोर टँकरची वाट बघत हंडे लावून बायका उभ्या होत्या. त्यातल्या एका मावशींना विचारलं, यंदा कुणाचं वातावरण आहे?

"अटलजी चांगलेच आहेत गं," त्या म्हणाल्या. "परवा घरी त्यांचा फोन आलेला. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे पाणी नाही. ते आपले बोलतच राहिले."

"अहो, ती टेप असते," शेजारीण म्हणाली.

"असू दे टेप. पण ऐकून घ्यायला कुणीतरी माणूस पाठवायचा ना!"

वाजपेयींच्या आवाजातला तो ध्वनिमुद्रित संदेश त्या निवडणुकीत असंख्य घरांत वाजला. नळाला पाणी आणणं पंतप्रधानांचं काम नव्हे, हे मावशींनाही कळत होतं. पण दारात मत मागायला जो येतो, त्याच्याकडेच माणूस आपलं गाऱ्हाणं मांडतो. गोविंदा विरारचा पोरगा म्हणून त्याच गल्ल्यांतून फिरत होता. त्याने पुढे काय केलं हा भाग वेगळा.

शहरात आणखीही काही घडलं होतं. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले होते, या वेळी एकत्र होते. नोव्हेंबर २००३ मध्ये कल्याणला रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली, त्याची आठवण ताजी होती. गुजरातच्या दंगलींना दोनच वर्षं झाली होती. वाजपेयींनी स्वतः जूनमध्ये मनालीत बोलताना पराभवाच्या कारणांत त्या दंगलींचा उल्लेख केला. विकासदराची जाहिरात यातल्या कशाला उत्तर देणार होती?

आणि लखनौ. १२ एप्रिलला, पंतप्रधानांच्याच मतदारसंघात, एका भाजप नेत्याच्या वाढदिवशी साड्या वाटताना चेंगराचेंगरी झाली आणि २१ बायका गेल्या. त्या रात्रीही मी डेस्कवर होते. एका साध्या साडीसाठी जीव जावा एवढी झुंबड उडते, आणि त्याच शहरात सुखाच्या जाहिराती झळकतात, हे पान लावताना हात थरथरत होते. तरीही वाजपेयी लखनौतून दोन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. लोकांचा त्यांच्यावर राग नव्हताच. नालासोपाऱ्यातल्या मावशींनीही 'अटलजी चांगले' असंच म्हटलं होतं. प्रचार सगळा त्या एका चेहऱ्यावर उभा केलेला, आणि मतं मात्र ५४३ ठिकाणी, तिथल्या उमेदवाराकडे आणि तिथल्या युतीकडे बघून पडली.

संध्याकाळी वाजपेयींनी राजीनामा दिला. भाजप १८२ वरून १३८ वर आला होता, काँग्रेस ११४ वरून १४५ वर. म्हणजे काँग्रेसलाही काही लाट वगैरे नव्हती. आमच्या मुख्य उपसंपादकांना मथळ्यात 'सत्ताविरोधी लाट' हवी होती. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "सर, मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड बघा, तिथे भाजप भक्कम आहे. लाट असती तर ही राज्यं कोरडी राहिली नसती." त्यांनी चष्मा वर करून आंध्र आणि तमिळनाडूच्या ओळी पुन्हा बघितल्या. शेवटी मथळ्यातून 'लाट' गेली, आणि तक्ता पहिल्या पानावर आला, त्या दोन ओळी ठळक टाइपात.

ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. सुशीलकुमार शिंदेंचं सरकार सत्तेत होतं, राज्याच्या मोठ्या भागाने दुष्काळ सोसलेला होता, म्हणजे नाराजीला कारणं भरपूर होती. सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली, दोन्ही काँग्रेस एकत्र राहिल्या, आणि १४० जागा घेऊन सत्ताधारी आघाडी परत आली. तो तक्ताही मीच भरला. त्या रात्री 'सत्ताविरोधी लाट' हे शब्द डेस्कवर कुणी काढले नाहीत.