निकाहाची इजाजत देताना

आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात लग्नं बैठकीत ठरतात. पुरुष ओट्यावर, बायका आत. मुलगी मान खाली घालून बसलेली असली की "गप्प आहे, म्हणजे हो" असा निरोप बाहेर जातो. कुमारिकेचं मौन हीच तिची संमती, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे खरी. पण त्याच हदीसमध्ये तिला आधी विचारायला सांगितलंय, ते मात्र राहून जातं. खन्सा बिन्ते खिदामचा निकाह वडिलांनी तिच्या मनाविरुद्ध लावला, तेव्हा पैगंबरांनी (स.) तो रद्द केला. हे बुखारी या हदीससंग्रहात आहे. आम्ही हनफी पंथाचे, आमच्यात तर सज्ञान मुलीच्या होकाराशिवाय निकाह होतच नाही.

माझं स्थळ आलं तेव्हा अब्बांना म्हटलं, "मुलाशी बोलू द्या, मग सांगते." अम्मी धास्तावली, पण अब्बांनी ऐकलं. फुफीच्या (आत्याच्या) घरी, ती शेजारी बसलेली असताना, आम्ही बोललो. नर्सिंग पूर्ण करू देणार का, हे मी विचारलं. तो हो म्हणाला. मेहेरचा, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचा, विषय काढला तर म्हणाला, "मोठे ठरवतील." मला ते पटलं नाही. मेहेर बायकोचा हक्क आहे, कुरआनात (४:४) तसं स्पष्ट आहे. शेवटी अर्धा नगद, अर्धा उधार असं ठरलं.

निकाहाच्या दिवशी वकील, म्हणजे माझी इजाजत घेणारा माझा प्रतिनिधी, म्हणून चाचा दोन साक्षीदार घेऊन आत आले. भराभर पुटपुटले आणि सहीसाठी कागद पुढे केला. मी म्हटलं, "चाचा, नाव आणि मेहेर मोठ्याने वाचा ना." मागून कुणीतरी "तौबा" म्हणालं. चाचांनी खिशातून चष्मा काढला, नीट वाचलं. शर्तींचा रकाना कोरा होता. शिक्षणाचं त्यात लिहा, म्हणून मी सही थांबवली. चाचा उठून बाहेर गेले. पंगती खोळंबल्या, अम्मीचा चेहरा उतरला, माझ्याही हाताला घाम सुटला होता. तो वेळ फार कठीण गेला. पण परत आले तेव्हा कागदावर शर्त होती, खाली नवऱ्या मुलाची सही होती. मग मी स्पष्ट म्हटलं, "इजाजत आहे."

यंदा चाचांच्या मुलीला स्थळ आलं. तिने नाही म्हटलं, आणि चाचांनी त्याच संध्याकाळी मध्यस्थाला तसं कळवलं.