मिटलं म्हणजे काय? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"कोलोरॅडो नदीच्या खाऱ्या पाण्याचं भांडण अमेरिकेनं मेक्सिकोशी बसून मिटवलं, मग आपल्याला नद्यांची भांडणं का मिटवता येत नाहीत?" मी ॲरिझोनात युमाजवळ राहते, सिंचनाच्या कामात आहे आणि माहेर शिरोळ तालुक्यातलं. एवढ्या भांडवलावर हा प्रश्न मला दर सुट्टीत विचारला जातो. विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं: तिकडे शिस्त, इकडे राजकारण. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

दोन देशांच्या १९४४ च्या करारात मेक्सिकोला वर्षाला १५ लाख एकर-फूट पाणी ठरलं, आपल्या हिशेबात साधारण ६५ टीएमसी. किती द्यायचं ते ठरलं, कसलं द्यायचं ते नाही. १९६१ मध्ये ॲरिझोनातल्या वेल्टन-मोहॉकच्या शेतकऱ्यांची पाणथळ रानं वाचवायला जमिनीखालचं खारं पाणी उपसून हीला नदीत सोडायला सुरुवात झाली. हीला कोलोरॅडोला मिळते आणि कोलोरॅडो पुढे मेक्सिकोच्या मोरेलोस धरणावर जाते. तिथलं ८०० पीपीएमच्या (दहा लाख भाग पाण्यात ८०० भाग क्षार) आसपासचं पाणी १९६२ मध्ये सरासरी १५०० च्या घरात गेलं. मेक्सिकोच्या मेहिकाली खोऱ्यातली पिकं होरपळली. अमेरिकेचं म्हणणं, करारात 'कुठूनही आलेलं पाणी' चालतं. शिस्त म्हणायची तर हीच ती.

पुढे बारा वर्षं गेली. १९७२ मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष एचेवेरिया वॉशिंग्टनला येऊन अमेरिकी काँग्रेससमोर बोलले, निक्सननी माजी ॲटर्नी जनरल ब्राउनेल यांना तोडगा काढायला बसवलं आणि ३० ऑगस्ट १९७३ ला 'मिनिट २४२' झालं, म्हणजे दोन देशांच्या संयुक्त आयोगाचा लेखी ठराव. त्यातली अट अशी: मोरेलोसला पोचणारं पाणी वरच्या, अमेरिकेतल्या इम्पीरियल धरणातल्या पाण्यापेक्षा वार्षिक सरासरीत ११५ पीपीएमहून जास्त खारं नसावं, ३० इकडे-तिकडे. मर्यादा फरकावर आहे, मिठावर नाही. इम्पीरियलचंच पाणी खारावलं तर मेक्सिकोचंही तेवढंच खारावणार, आणि करार मोडला असं कुणी म्हणू शकणार नाही.

नोकरीला लागले तेव्हा या अटीवर मी फिदा होते. मोजता येतं त्यावर भांडण फार लांबत नाही, असं तेव्हाची मी छातीठोकपणे सांगायची. आजही तिला खोडून काढणं मला जमत नाही, कारण करार पन्नास वर्षं टिकलाय. पण तिला एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तो गावात विचारला गेला. आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून रानांना मीठ फुटलंय. काकांच्या खालच्या तुकड्यात तर उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरा थर येतो, पायाखाली कुरकुरतो, आणि ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. निचऱ्याचे पाइप टाकायचे म्हणून देवळात बैठक होती आणि अमेरिकेतली पोरगी आली आहे तर बोलू दे, असं ठरलं. मी मिनिट २४२ रंगवून सांगितलं. टाळ्या पडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मागून एक तात्या म्हणाले, "पोरी, सगळं बेस. पर त्ये मीठ गेलं कुठं?"

सांगावं लागलं. वेल्टन-मोहॉकचं पाणी आता वेगळ्या कालव्यानं मोरेलोसला वळसा घालून मेक्सिकोतच, सोनोराच्या किनाऱ्याजवळ सोडतात.

"म्हंजे शेजाऱ्याच्याच परड्यात?"

"तिथं त्याची पाणथळ झालीय. पक्षी आहेत खूप."

कुणी हसलं नाही. तात्यांनीच पुढचं मांडलं: "आमच्या पाइपाचं वड्याला, वड्याचं किष्णेत, राजापूर बंधारा वलांडला की कर्नाटक. त्यांनी इचारलं तर काय सांगायचं? पक्षी हाईत?" माझा चुलतभाऊ चिडला, "मग आम्ही रान पडीक टाकायचं व्हय?" मग ते दोघंच भांडले. मी माइक हातात धरून उभी. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नाही.

युमाचा क्षारमुक्तीचा प्रकल्प? त्याबद्दलही विचारता, म्हणून सांगते. वेल्टन-मोहॉकचंच पाणी गोडं करून नदीत सोडायला तो बांधला. सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून तो १९९२ मध्ये सुरू झाला, एक तृतीयांश क्षमतेनं थोडे महिने चालला आणि १९९३ च्या हीलाच्या पुरानंतर थांबला. २०१०-११ मध्ये चाचणीपुरता चालवला. पूर्णवेळ चालवायचा तर खर्च आहेच, शिवाय त्या वळशाच्या कालव्याचं पाणी आटलं की सिएनेगा दे सांता क्लारा ही मघाचीच, हजारो एकरांची पाणथळ वाळणार. ज्या पाण्यावरून दोन देश भांडले, तेच वाचवा म्हणून आता दोन्हीकडचे लोक बैठका घेतात. हे यश की फजिती, यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत.

मी अमेरिकेची वकील नाही, आणि तिकडच्या नावानं खडे फोडायची हौसही नाही. मेहिकालीची रानं सुधारायला मेक्सिकोला सवलतीचं कर्ज मिळावं म्हणून मदत करू, असंही मिनिट २४२ मध्ये लिहिलंय. १९६२ च्या हंगामात ज्याचं पीक गेलं त्याला अकरा वर्षांनी हे वाचून कसं वाटलं असेल, ते मला ठाऊक नाही.

काकांच्या रानात पाइप बसले. तोंड ओढ्यातच काढलंय, दुसरीकडे उतार नाही. खर्चात निम्मे पैसे माझे आहेत. ऊस यंदा बरा आहे म्हणतात.