केप्लरचं पिंप आणि शिखरावरची सपाटी

बारावीला मॅक्सिमा-मिनिमा, म्हणजे सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत शोधणं, सुरू झालं की निम्मी मुलं पहिल्याच तासाला वहीत कृती लिहून मोकळी होतात : डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढा, शून्याबरोबर मांडा, क्ष काढा. उत्तर बरोबर येतं, मार्कही मिळतात. शून्यच का, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते अख्ख्या कलनशास्त्रात याच्याइतका विचारण्याजोगा प्रश्न दुसरा नाही. म्हणून हल्ली मी हा धडा सूत्रापासून सुरू करत नाही, वाइनच्या पिंपापासून करते.

पिंप योहानेस केप्लरचं. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे सांगणारा तोच केप्लर. 1613 मध्ये, लिंत्सला राहत असताना, त्याने दुसरं लग्न केलं आणि घरासाठी वाइनची पिंपं घेतली. विक्रेत्याने पिंपाच्या पोटावरच्या भोकातून एक गज तिरका आत घातला, समोरच्या बाजूला बुडाच्या, म्हणजे टोकाच्या चकतीच्या, कडेपर्यंत पोचवला, भोकापाशी आलेला आकडा वाचला आणि वाइन किती ते सांगून टाकलं. पिंप बुटकं आहे की लांबट, याची चौकशीच नाही. केप्लरला हे खटकलं. ज्या माणसाने मंगळाच्या कक्षेवर वर्षानुवर्षं आकडेमोड केली, त्याला एका गजाने माप होतं हे पटणार कसं? त्याने विचार सुरू केला आणि 1615 मध्ये या विषयावर एक अख्खं लॅटिन पुस्तकच काढलं.

आता हिशोब आपण करू. सोपं जावं म्हणून पिंप सरळ दंडगोल धरू, भोक पोटाच्या बरोबर मधोमध, आणि गज 100 सेंटिमीटर आत गेला असं समजू. गज, व्यास आणि अर्धी लांबी यांचा काटकोन त्रिकोण होतो, म्हणजे पायथागोरस पुरेसा आहे. मुलांना मी कॅल्क्युलेटर घ्यायला सांगते आणि फळ्यावर रकाना भरायला बोलावते. पिंपाची लांबी 110 सेंटिमीटर असेल तर 602.6 लिटर. 115 ला 604.6. 120 ला 603.2. 130 ला 589.6. 140 ला 560.8. लांबी व्यासाच्या तिप्पट असलेलं निमुळतं पिंप घेतलं तर फक्त 402 लिटर. गज तोच, आकडा तोच, किंमत तीच, आणि वाइन दोनशे लिटरने कमी. केप्लरची शंका रास्तच होती.

पण त्याला पुढे जे दिसलं ते मला त्या शंकेहून मोठं वाटतं. सर्वांत जास्त वाइन मावते ती लांबी व्यासाच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे सुमारे 1.414 पट असताना. ऑस्ट्रियातले पिंपं बांधणारे कारागीर मात्र दीडपटीचा हिशोब धरत. आपल्या गजाला ते पिंप 120 लांब आणि 80 व्यासाचं येतं. प्रमाण सहा टक्क्यांनी चुकलंय. वाइन किती कमी झाली? 604.6 ची 603.2, म्हणजे पाव टक्कासुद्धा नाही. शिखराच्या आसपास थोडं इकडेतिकडे झालं तरी फरक जवळजवळ पडत नाही, हे केप्लरने नेमकं टिपलं. म्हणून त्या प्रदेशात तो गज चालत होता. कारागिरांची पिंपं थोडीफार कमीजास्त झाली तरी गिऱ्हाईक नागवलं जात नव्हतं.

डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे हेच, दुसरं काही नाही. अशाच काही लांब्यांना मी मग डेरिव्हेटिव्ह काढायला लावते. लांबी 120 असताना ती आणखी वाढवली तर सेंटिमीटरमागे 0.63 लिटर या दराने वाइन घटते. 150 असताना तोच दर 5.4 लिटर. 115.5 च्या जवळ दर शून्य. हे तीन आकडे शेजारी शेजारी पाहिले की शून्य कुठून आलं ते मुलांना सांगावं लागत नाही.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त जवळपास हीच गोष्ट आकाशात पाहिली होती. ग्रह मध्यम (सरासरी) स्थानापासून सर्वांत जास्त सरकलेला असतो त्या क्षणी त्याची खरी गती मध्यम गतीएवढीच असते. सरकणं तेवढ्यापुरतं थांबलेलं असतं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे. जमेल तेव्हा मुलांना तिथे न्यावं.

खरं पिंप अर्थात दंडगोल नसतं, त्याला पोट असतं. इथे इंटिग्रेशन, म्हणजे बारीक तुकड्यांची बेरीज, लागतं, आणि इथेही केप्लर आहेच. दोन्ही बुडांचं क्षेत्रफळ घ्या, मधल्या छेदाचं चौपट घ्या, बेरीज करा, लांबीच्या सहाव्या भागाने गुणा. जग याला सिम्प्सनचा नियम म्हणतं. जर्मनीत अजून केप्लरचा पिंपाचा नियम म्हणतात आणि मीही वर्गात तेच म्हणते. बुडांचा व्यास 70, पोटाचा 85, लांबी 110 सेंटिमीटर धरली तर उत्तर 557.24 लिटर. पोटाचा बाक पॅराबोलाचा असेल तर खरं माप 554.65. अडीच लिटर जास्त झाले.

तर पिंपाचे मधोमध दोन भाग करा आणि प्रत्येकाला तोच नियम लावा : 554.81. चार भाग करा : 554.66. या बाकासाठी भाग दुप्पट केले की चूक दरवेळी बरोबर सोळाव्या हिश्शावर येते. किती भाग केले म्हणजे चूक हव्या त्या आकड्याखाली जाईल, हे आधीच सांगता येतं. लिमिटचा अर्थ तो. फ्रेंच गणिती कोशीने 1821 मध्ये तो चोख शब्दांत बांधला, पण बारावीच्या मुलाला तो या तीन आकड्यांत आधी भेटावा असं मला मनापासून वाटतं. आमच्या पाठ्यक्रमात लिमिट अकरावीत येतं आणि इंटिग्रेशन बारावीत. मधल्या वर्षात हा धागा तुटतो, आणि सीईटीच्या तयारीत तो पुन्हा जोडायला कोणाला सवड नसते.

यंदा सराव परीक्षेत मी एक प्रश्न घालणार आहे. गज भोकातून नव्हे, तर एका बुडाच्या कडेवरून दुसऱ्या बुडाच्या समोरच्या कडेपर्यंत तिरका टेकवला, तर सर्वांत जास्त वाइन कोणत्या आकाराच्या पिंपात मावेल? आणि कारागिराने तिथेही दीडपटच धरली, तर गिऱ्हाईकाचं किती नुकसान होईल? पहिल्या भागाला दोन मार्क, दुसऱ्याला चार.