दहावीच्या हातात बोकडाचं हृदय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. मुलं हृदयाची आकृती सुरेख काढतात, नावंही बिनचूक देतात. पण डावी बाजू जाड का, असं विचारलं की वर्ग गप्प. यंदा ठरवलं, हृदय त्यांच्या हातातच द्यायचं.

हेडसर लगेच हो म्हणाले. पालकांकडे मात्र घरोघरी जावं लागलं. आमच्याकडे माळकरी घरं बरीच, काही जैनही. कुणावर सक्ती नाही आणि शाळेसाठी म्हणून एकही जनावर कापलं जाणार नाही, हे आधीच सांगितलं. 2010 साली बेळगावात डॉ. महांतेश रामण्णवर यांनी वडिलांच्या इच्छेनुसार त्यांच्याच देहाचं विच्छेदन विद्यार्थ्यांपुढे केलं होतं. ती हकीकत निघाली की वडीलधारी माणसं शांतपणे ऐकून घ्यायची.

खाटकाकडे काळीज मागितलं तर त्याने यकृत पुढे केलं. "सर, दिल पायजे म्हणा की!" पण ते दिलही मधोमध चिरलेलं, वरच्या नळ्या छाटलेल्या. शिकवायला काही उपयोगाचं नव्हतं. दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशीच सांगून आलो: चीर नको, नळ्या बोटभर राहू द्या. सहा मिळाली.

कात्री लावण्याआधी नुसतं दाबून बघायला लावलं. जी बाजू घट्ट लागते ती डावी. सगळ्या अंगाला रक्त तिलाच ढकलायचं असतं. समोर धरलं की ती आपल्या उजव्या हाताला येते, इथं निम्मा वर्ग चुकला. मग कात्रीचं बोथट टोक आत ठेवून कापायचं, नाहीतर झडपांचे पांढरे दोरे तुटतात. फळ्यावर तीन रकाने केले होते: मराठीत निलय (हृदयाचा खालचा कप्पा), कन्नडमध्ये हृत्कुक्षी, इंग्रजीत व्हेंट्रिकल. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीच लागणार.

मग महाधमनीत, म्हणजे डाव्या निलयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत, वरून पाणी ओतलं. तीन इवल्या खिशांसारख्या झडपा फुगून एकमेकींना भिडल्या, पाणी वरच अडलं. खाली निलय उघडा होता, त्यात थेंब नाही. तरी वरची पातळी हळूहळू उतरत होती. "सर, गळतंय कुठंतरी!" शोधलं तर झडपांच्या अगदी वर दोन बारीक भोकं. एकात खराट्याची काडी सरकवली, तर ती हृदयाच्याच भिंतीवर, चरबीखालून पुढे जाताना दिसली. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणारी वाट ती. ती तुंबली की हार्ट अटॅक, एवढंच म्हणालो. मग वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

एक माळकरी मुलगी दुरूनच चित्र काढत होती. हात न लावता तिने ती दोन्ही भोकं बरोबर जागी दाखवली. त्या वर्गातलं सर्वांत नेमकं चित्र तिचंच होतं, आता ते प्रयोगशाळेत लावलंय.

पुढच्या महिन्यात गुर्दे. खाटकाला सांगून ठेवलंय, मूत्रनळी लांब राहू द्या.