संघातली मुलं आणि बाकीची मुलं

आमच्या वेळी शाळेत शिस्त दोन प्रकारची होती. एक आम्हा सगळ्यांना, दुसरी फुटबॉलच्या संघाला. आम्हाला उशीर झाला की वर्गाबाहेर उभं राहावं लागे. संघातली मुलं ‘सराव होता’ म्हणत थेट बाकावर जाऊन बसत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती मुलं खरोखर मेहनत घ्यायची, आणि ती जिंकली की ओरडून ओरडून आमचेही घसे बसायचे.

पण मी नववीत असताना संघातल्या तिघांनी आठवीतल्या एका मुलाला स्वच्छतागृहात गाठून मारलं. त्याचा हात मोडला. त्याच्या वर्गशिक्षिका बाईंनी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली आणि तिघांना निलंबित करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं. अंतिम सामना तोंडावर आला होता. शाळा समितीवर माजी विद्यार्थी बरेच होते, त्यांतले काही याच संघातून खेळलेले. तिघांपैकी एकाचे वडील त्यांचे वर्गमित्र. ‘पोरं आहेत, आमच्या वेळीही व्हायचं असं,’ हे त्यांचं म्हणणं ऑफिसातून वर्गावर्गात पोचलं. तक्रार फायलीत गेली. तिघंही सामना खेळले, आपण जिंकलो, दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली.

त्या मुलाच्या वडिलांनी वर्ष संपायच्या आत दाखला काढून नेला. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत तो नाही, त्याला शाळेच्या या महोत्सवाचं निमंत्रणही गेलं नसेल. बाईंकडचं वर्गशिक्षकपद पुढच्या वर्षी काढून घेतलं गेलं. आम्हाला त्या आधी शिकवत होत्या तशाच जीव ओतून शिकवत राहिल्या. माझ्या मनात शाळेबद्दल जो आदर आहे, त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे.

समितीतली ती माणसं वाईट नव्हती. शाळेसाठी त्यांनी पदरमोड केली होती. पण त्या तिघांमध्ये त्यांना आपलं तरुणपण दिसलं. मार खाल्लेल्या मुलात कुणालाच स्वतःचं काही दिसलं नाही. मला वाटतं, घोळ इथेच होतो, आणि तो मोठ्या संस्थांतही होतो. २०१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक जलतरणपटू लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. सरकारी पक्षाने सहा वर्षांची कैद मागितली होती. तुरुंगवासाचा त्याच्यावर गंभीर परिणाम होईल, असं म्हणत न्यायाधीशांनी सहा महिने दिले. तो तीन महिन्यांत सुटला. न्यायाधीश स्वतः स्टॅनफर्डचे माजी विद्यार्थी, तिथल्या लॅक्रोस (जाळी लावलेल्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ) संघाचे एकेकाळचे कर्णधार. न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाला त्यांच्यात पक्षपात आढळला नाही, हेही सांगायला हवं. तरी २०१८ मध्ये मतदारांनी त्यांना पदावरून दूर केलं.

महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी संघ नव्या मैदानासाठी निधी जमवतो आहे. मीही दिला आहे, मैदान व्हायलाच हवं. या निधीसाठीच्या बैठकीतच आणखी एक ठराव घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खेळाडूविरुद्ध तक्रार आली तर तिचा निर्णय करणाऱ्यांत त्याचा प्रशिक्षक, संघाचा माजी खेळाडू किंवा देणगीदार नसावा. तक्रार देणाऱ्या शिक्षकाला लेखी उत्तर मिळावं. मारहाणीसारखी गंभीर तक्रार असेल, तर चौकशी पुरी होईपर्यंत तो खेळाडू संघाबाहेर राहावा, मग सामना अंतिम का असेना.