मामा, तू काय बघितलं?

दोहा, 26 सप्टेंबर 2019

पुढचे दहा दिवस कुणालाही सुट्टी नाही, असं सुपरवायझरने सकाळीच सांगून टाकलं. उद्यापासून खलिफा स्टेडियममध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा. आमच्या टोळीकडे एका बाजूचे एएचयू, म्हणजे गार हवा ढकलणाऱ्या एसीच्या मोठ्या मशीन. गेला महिनाभर फिल्टर धू, बेल्ट बदल, ड्रेन साफ कर, हेच चाललंय. हातांना अजून कॉइल क्लीनरचा वास येतो, जेवतानासुद्धा.

रात्री आईला फोन लावला. अख्ख्या मैदानाला एसी आहे म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न टाकला, "वर छत नही, मंग गारवा उडी नही जास का?"

अमळनेरला आयटीआय करताना माझ्या डोक्यात असा प्रश्न कधी आला नसता. मी तिला सांगितलं, मे महिन्यात विहिरीत उतरलं की कसं गार लागतं? विहिरीला कुठे छत असतं? थंड हवा जड, ती तळाशी बसून राहते. इथंही तसंच. लांबच्या प्लांटमधून थंड पाणी पाइपाने येतं, त्या पाण्याच्या कॉइलवरून हवा जाते आणि नोझलमधून लोकांच्या पायाशी आणि मैदानाच्या कडेला सुटते. बाहेर रात्रीसुद्धा बत्तीस-तेहतीस, आत पंचविसाच्या आसपास.

"हा, आसं सांग ना," ती म्हणाली आणि लगेच कपाशीवर घसरली. गिरणा धरण भरलं, गावात सगळे खूश आहेत, पण आता पाऊस थांबायला पाहिजे म्हणते.

मग भाच्याने फोन हिसकावला. पोरगं पोलीस भरतीच्या मागे लागलंय, पहाटे चारला उठून चोपडा रस्त्यावर पळतं. त्याला अविनाश साबळेचा फोटो पाहिजे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा गडी, बारावीनंतर फौजेत गेला, सियाचीनला राहून आला आणि आता 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, भारताकडून उतरतोय. "मामा, तू तठेच शे ना, एक फोटो काढ." त्याला कसं सांगू, ड्युटीवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि एएचयू रूमला खिडकी नसते.

28 सप्टेंबर, पहाटे साडेचार

झोप येत नाही म्हणून लिहितोय.

काल साडेदहाला ड्युटी संपली. शिरपूरचा पाव्हणा कॅटरिंगच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, तो म्हणाला, चल, बाया पळणार आहेत कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर. बायकांची मॅरेथॉन, सुटण्याची वेळ रात्री 11 वाजून 59 मिनिटं. उन्हाला घाबरून रात्री ठेवली. पण दोह्याची रात्र म्हणजे ऊन गेलं, वाफ राहिली. समुद्राकाठी उभं राहिलं की शर्ट न पळताच ओला. नंतर कळलं, सुटताना तापमान 32 च्या वर आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या पुढे होती.

सात किलोमीटरचा फेरा, असे सहा फेरे. त्यामुळे एका जागी उभं राहिलं की त्याच बाया पुन्हा पुन्हा समोरून जातात. पहिल्या फेऱ्याला मोठा घोळका गेला, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेऱ्याला घोळका तुटलेला. तिसऱ्यापासून मी मोजायला लागलो आणि प्रत्येक वेळी आकडा कमी. एक बाई आमच्यासमोर दहा पावलांवर थांबली, गुडघ्यावर हात ठेवले, डोळे कुठेच बघत नव्हते. दोन माणसं व्हीलचेअर घेऊन आली. तिने हाताने नको नको केलं आणि मग स्वतःच बसली. पाव्हण्याने टाळ्या थांबवल्या, म्हणाला, "हे बघवत नाही, चल." मी हललो नाही.

68 जणी सुटल्या, 28 जणींनी मध्येच सोडलं. जिंकली केनियाची रूथ चेपनगेटिच, 2 तास 32 मिनिटं 43 सेकंद. सहावी आली ती अमेरिकेची 41 वर्षांची नर्स, रॉबर्टा ग्रोनर. 41! आमच्या गावात त्या वयाची बाई सासू झालेली असते. (ती सासूही दिवसाला तितकंच चालते म्हणा, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन.)

मला सारखं चैत्रातलं वणी आठवत होतं. आमच्याकडून सप्तशृंग गडावर पायी जाणारे असेच रात्री चालतात. दुपारी झाडाखाली पडायचं, दिवस मावळला की निघायचं, डोक्यावर ओला रुमाल. वाटेत लोक टाकीला तोट्या लावून पाणी देतात, कुणी पाय चेपून देतो. इथेही बाया डोक्यावर बर्फ ठेवत होत्या, मानेवर स्पंज पिळत होत्या. पण गडावर जाणारा थकला तर रस्त्याच्या कडेला आडवा होतो, सकाळी उठून पुढे जातो. त्याचं कुणी घड्याळ लावून बसलेलं नसतं. आणि मुख्य म्हणजे चैत्रात आमच्याकडची हवा कोरडी, घाम वाळतो. इथे वाळतच नाही. घाम वाळला नाही तर शरीराचा कॉम्प्रेसर चालू असून उपयोग नाही, उष्णता बाहेर टाकणार कुठे? हे मला माझ्या धंद्यामुळे कळतं. ज्याने वेळ ठरवली त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

दहा-बारा किलोमीटरवर आम्ही रिकाम्या खुर्च्यांना गारवा देत होतो. हे नुसतं लिहून ठेवतो.

29 सप्टेंबर

घटस्थापना. आईने घट बसवल्याचा फोटो आला. आज बायकांची 100 मीटर. जमैकाची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस 10.71 मध्ये जिंकली आणि लहान पोराला घेऊन मैदानभर फिरली, असं पाव्हणा सांगत होता. बघायला माणसं मात्र फार थोडी. वरचा मजला तर कापड लावून झाकूनच टाकलाय. आमच्या कॅम्पातल्या काही पोरांना पास मिळाले, बसने नेलं, आणलं. नेपाळी दाजू परत आल्यावर म्हणाला, खुर्ची मऊ होती, थंडी वाजली. खेळ कुठला होता विचारलं तर हसला.

30 सप्टेंबर

ड्युटी तीनची, म्हणून सकाळी शहर बघायला गेलो. अडीच वर्षं इथे आहे, पण शहर म्हणजे बसच्या काचेतून दिसतं तेवढंच. मेट्रो मे महिन्यात सुरू झाली, अजून एकच लाल लाइन, स्टेडियमपर्यंत जात नाही. दोन रियालचं तिकीट. डबा इतका स्वच्छ की बूट काढून बसावं वाटलं. मुशैरिबला उतरून चालत सूक वाकिफला गेलो.

जुना बाजार म्हणतात, पण बराचसा पुन्हा बांधून जुना दिसेल असा केलाय. तरी वास खरा. वेलदोडा, ऊद, भाजलेली कॉफी. एका दुकानात वाळवलेली काळी लिंबं पोत्यात होती, दगडासारखी. आईला नेली असती तर म्हणाली असती, फेकून द्यायची सोडून विकतात काय.

पुढे ससाण्यांची गल्ली. दुकानात जमिनीवर वाळू पसरलेली, त्यावर ओळीने दांडे, दांड्यांवर ससाणे, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. एकाच्या टोपीवर बारीक निळी शिलाई होती आणि वर छोटासा तुरा. मान जराशी हलवायचा, बस. दिसत काही नाही, पण सगळं ऐकतोय. माझी नजर आपोआप भिंतीवर गेली. दोन टनाचा स्प्लिट, 22 वर लावलेला, आणि आउटलेटच्या पट्टीवर धूळ. दुकानदाराला खुणेने दाखवलं, फिल्टर धू म्हणून. त्याला वाटलं मला पक्षी घ्यायचा आहे. ससाण्यांचं स्वतंत्र हॉस्पिटल आहे तिथे, खरोखरचं.

परत येताना सुपरमार्केटमध्ये केळी बघितली. नेहमी बघतो. जळगावची केळी आखातात येतात असं सगळे सांगतात, पण मला दरवेळी फिलिपिन्सचा स्टिकर मिळतो. गुळगुळीत, एका मापाची, चवीला पाणीदार. दोन घेतली, तक्रार करत खाल्ली.

समुद्रावर गेलो नाही. ती जागा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

1 ऑक्टोबर

आज साबळेची प्राथमिक फेरी. मी बेल्टचा आवाज येतो म्हणून एका एएचयूच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. बाहेर आलो तेव्हा कॉरिडॉरमधल्या टीव्हीवर शर्यत संपलेली. सातवा. गेला, म्हटलं. मग रीप्ले दाखवला. समोर माणसं पडली, हा अडकला, एकदा नाही, दोनदा. अडथळ्याजवळ जवळजवळ उभाच राहिला आणि मग पलीकडे गेला.

स्टीपलचेसचा अडथळा हर्डलसारखा पडत नाही. शंभर किलोच्या आसपासचं लाकडी धूड, 91.4 सेंटिमीटर उंच. असे 28, शिवाय पाण्यावरच्या सात उड्या. तिथे लय तुटली की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढतेय असं होतं. तरी गड्याने 8 मिनिटं 25.23 सेकंद लावले, स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. विक्रम करून बाहेर!

आईला सांगितलं. "पडना का तो?" पडला नाही, दुसरे पडले, हा अडकला. "मंग त्याना काय गुन्हा?"

रात्री उशिरा कळलं की भारताने अपील केलं आणि ते मानलं. साबळे फायनलमध्ये. भाच्याला मेसेज टाकला तेव्हा गावाकडे पहाट होत होती. तो पळायला निघालाच होता, म्हणाला, आज दोन फेऱ्या जास्त मारतो.

4 ऑक्टोबर (खरं तर 5, रात्रीचे तीन)

आज स्टेडियम भरलं. शुक्रवार, आणि कतारचा स्वतःचा मुताझ बर्शिम उंच उडीत. एएचयू रूममध्ये बसूनही कळत होतं. एवढी माणसं आत आली की परतीची हवा गरम होते, व्हॉल्व्ह जास्त उघडतात, पाइपातला पाण्याचा आवाज बदलतो. आठ दिवसांत पहिल्यांदा आमची मशीन कामाला लागली असं वाटलं.

पावणेदहाच्या सुमाराला वॉकीटॉकीवर निरोप आला. एका बाजूच्या साहेब लोकांना पायाशी फार गार लागतंय, डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, कमी करा. मी पाना घेऊन पळालो. बोगद्यातून बाहेर आलो तो थेट प्रकाशात. आणि समोर स्टीपलचेस चालू.

किती वेळ बघितलं? फार तर दोन फेऱ्या. एवढी माणसं, एवढे दिवे, माझी नजर निळ्या कपड्यातला माणूस शोधत होती. मागच्या घोळक्यात सापडला. पाण्याकडे आला, अडथळ्यावर डावा की उजवा पाय ठेवला ते आठवत नाही, पण वरून ढकलून दिल्यासारखा पुढे झेपावला आणि एक पाय पाण्यात. वर उडालेलं पाणी दिव्यात पांढरं दिसलं. झालं. तो गेला, मागचे गेले. मी डॅम्पर फिरवायला खाली वाकलो.

पुन्हा वर बघितलं तेव्हा पुढचे दोघे रेषेवर. केनियाचा किप्रुटो 8:01.35, इथिओपियाचा गिर्मा 8:01.36. सेकंदाचा शंभरावा भाग! साबळे तेरावा, 8:21.37, पुन्हा राष्ट्रीय विक्रम आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीट. सोळा जणांत तेरावा. तिथल्या कुणाला त्याचं काही नव्हतं. सगळे बर्शिमकडे बघत होते. तो 2.33 मीटरला तिसऱ्या प्रयत्नात वाचला आणि 2.37 मारून सोनं घेऊन गेला. स्टेडियम असं ओरडलं की डक्टचा पत्रा थरथरला. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, हात लावून बघितलं.

एक वाजता लोक गेल्यावर कडेचे नोझल तपासायला मैदानाच्या काठावर पाठवलं. पाण्याच्या खड्ड्याजवळ कुणी नव्हतं. उतार आहे त्याला, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. वाकून हात घातला. आठ दिवस इथली हवा गार करतोय, म्हणून पाणीही गार असेल असं धरून चाललो होतो. कोमट होतं. आमच्या पाटात एप्रिलमध्ये असतं तसं.

6 ऑक्टोबर

संपली. काल पुरुषांची मॅरेथॉन होती, हवा बरी होती म्हणे. मी गेलो नाही. ओव्हरटाइमच्या कागदावर चौदा तास कमी लावलेत. उद्या बोलायचं.

गाव, 22 डिसेंबर

रजेवर आलो. कापसाची ऑक्टोबरच्या पावसाने माती केली, राहिलेलं बोंड काळं. त्यावर घरात कुणी बोलत नाही, म्हणजे सगळे तेच बोलत आहेत.

आज पहाटे भाच्याबरोबर रस्त्यावर गेलो. थंडी मरणाची, तोंडातून वाफ. मोबाइलवर मी वेळ लावली. 1600 मीटर, 5 मिनिटं 41. आल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मग म्हणाला, "मामा, फोटो नही ते नही. पण तू काय दखं ते सांग."

मी सगळं सांगितलं. एक उडी, उडालेलं पाणी, तेरावा नंबर.

"नि ते पानी? गार व्हतं का?"

कोमट, म्हटलं.

तो पाटचारीकडे बघत राहिला. डिसेंबरचं आवर्तन सुटलेलं, चारी काठोकाठ. बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि माझ्या हातात दिले.

"घड्याळ लाव," म्हणाला.