अभिलेखागारात पहिल्यांदा जाताना

पदवीचे विद्यार्थी अभिलेखागारात विषय शोधत जातात आणि तिथेच अडतात. तिथली कागदपत्रं विषयवार नसतात. ज्या व्यक्तीच्या किंवा कचेरीच्या कामातून ती तयार झाली, तिच्या नावाने लावलेली असतात. म्हणून सूचीत ‘स्त्रीशिक्षण’ शोधण्याऐवजी, त्या विषयाचा पत्रव्यवहार कोणत्या खात्याकडे होता, हे आधी ठरवावं. सूची घरीच वाचून संदर्भ क्रमांक उतरवून न्यावेत. बऱ्याच ठिकाणी मागणी आधी नोंदवावी लागते.

आत पेन चालत नाही, पेन्सिलच. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा, आणि कागदांचा क्रम चुकलेला वाटला तरी बदलायचा नाही. हातमोजे बहुतेकदा नकोतच (सिनेमात काहीही दाखवोत): बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. स्वच्छ, कोरडे हात पुरतात. छायाचित्रं आणि निगेटिव्ह हा अपवाद.

खरा घोळ मोबाइलवर काढलेल्या फोटोंचा होतो. ४०० पानं टिपली, पण कोणतं कुठलं? प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचा काढा, मग पानं, मागच्या बाजूंसकट; शेरे आणि शिक्के अनेकदा तिथेच असतात. त्याच संध्याकाळी फाइलींना संदर्भ क्रमांकाची नावं द्या.

तारखाही जपून वाचा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे तिथल्या पत्रावर फेब्रुवारी १७४० लिहिलेलं असलं, तरी आपल्या हिशेबाने ते १७४१ चं असू शकतं.